चौथा नंबर येऊनही खालच्या विभागात: डरहॅम आणि ईसीबीचं नेमकं कुठे बिनसलं?

२०१६ च्या काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्या विभागातल्या नऊ संघांमध्ये ईशान्य इंग्लंडचा डरहॅम चौथा आला. हंगाम संपून जेमतेम दहा दिवस झाले होते, तोच ३ ऑक्टोबरला इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट मंडळाने, म्हणजे ईसीबीने, जाहीर केलं की पुढच्या वर्षी डरहॅम दुसऱ्या विभागात खेळेल. सुरुवातही शून्यापासून नाही, उणे ४८ गुणांपासून. शिवाय त्यांच्या चेस्टर-ली-स्ट्रीटच्या मैदानावर यापुढे कसोटी सामना होणार नाही. सामनानिश्चिती नाही, उत्तेजक द्रव्यं नाहीत, मैदानावर कुठलाही गैरप्रकार नाही. मग शिक्षा कशाची?

हा प्रश्न आज आपल्याकडेही विचारला जातो, कारण इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये भारतीय मालक शिरले आहेत. 'हंड्रेड' या शंभर चेंडूंच्या स्पर्धेतल्या ओव्हलच्या संघात मुंबई इंडियन्सच्या मालकांची ४९ टक्के भागीदारी आहे, लीड्सचा संघ पूर्णपणे सन समूहाचा झाला आहे, आणि हॅम्पशायर हा अख्खा काउंटी क्लबच जीएमआर समूहाकडे गेला आहे. त्यामुळे 'काउंटी विरुद्ध ईसीबी' अशा बातम्या मराठी वाचकासमोरही येतात, आणि बहुतेकांना त्यातलं अर्धंच कळतं. डरहॅमचं प्रकरण नीट समजलं, तर बाकीची भांडणं समजायला वेळ लागत नाही.

## काउंटी क्लब आणि ईसीबी: कोण कोणाचा मालक?

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रथम श्रेणी क्रिकेट खेळणाऱ्या १८ काउंट्या आहेत. आपल्या रणजी संघांशी त्यांची तुलना केली जाते, पण ती अर्धवट जुळते. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघटना मुख्यतः बीसीसीआयच्या अनुदानावर चालतात. काउंटी हा मात्र खराखुरा क्लब असतो. पगारी खेळाडू, मैदानाचे कर्मचारी, तिकीटखिडकी, उपाहारगृह, सभागृहं भाड्याने देण्याचा धंदा, आणि हे सगळं चालवायला बँकेचं कर्ज. वर्षाअखेरीस ताळेबंद जुळवायचा, नाहीतर बुडायचं.

ईसीबी १ जानेवारी १९९७ रोजी अस्तित्वात आली. तिच्या ४१ सदस्यांत या १८ काउंट्या, २१ छोट्या काउंट्यांची मंडळं, छोट्या काउंट्यांची संघटना आणि लॉर्ड्सचा मालक असलेला एमसीसी हा क्लब येतात. मोठे घटनात्मक बदल त्यांच्या मतानेच होतात. कागदावर काउंट्या मालक आणि ईसीबी त्यांची संस्था. पण दूरदर्शन हक्कांचा पैसा ईसीबीकडे येतो, आणि तिथून काउंट्यांना वाटला जातो. बहुतेक लहान काउंट्यांच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग हाच.

गावातली पतसंस्था आठवा. सभासदच मालक, संचालक मंडळ निवडणारेही तेच, आणि कर्जाचा अर्ज घेऊन त्याच मंडळापुढे उभे राहणारेही तेच. हप्ते वेळेवर जात असतील तोवर तुम्ही मालक. थकले की मालकी भागपत्रावर उरते. डरहॅमचे हप्ते थकले होते.

## आधी मैदान बांधा, मग आत या

डरहॅम ही १८ वी, सर्वांत नवी काउंटी. १९२१ मध्ये ग्लॅमॉर्गन आल्यानंतर सत्तर वर्षं दार बंद होतं. डिसेंबर १९९१ मध्ये ते उघडलं आणि १९९२ च्या हंगामात डरहॅम प्रथम श्रेणीत खेळू लागला. पण प्रवेशाला अट होती: कसोटी दर्जाचं नवं मैदान बांधायचं. ही अट त्या वेळच्या नियामक मंडळाची, ज्याच्या जागी पुढे ईसीबी आली.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण नंतर डरहॅमवर सर्रास आरोप झाला की ऐपत नसताना मोठं मैदान बांधलं. मैदान बांधणं हेच प्रवेशशुल्क होतं.

१९९५ पासून चेस्टर-ली-स्ट्रीटला सामने सुरू झाले. गावाची वस्ती पंचवीस हजारांच्या आतबाहेर. मागे टेकडीवर लमली किल्ला, बाजूला विअर नदी. दूरदर्शनवर इतकं देखणं दिसणारं मैदान इंग्लंडात क्वचितच असेल. पण क्रिकेट बघायला पैसे मोजणारा मोठा वर्ग राहतो लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्सच्या आसपास. ईशान्य इंग्लंड हा खाणी आणि जहाजबांधणीचा पट्टा, दोन्ही धंदे बसलेले, आणि तिथला पहिला जीव फुटबॉलवर. कॉर्पोरेट पाहुण्यांसाठीचे महागडे कक्ष विकत घेणाऱ्या कंपन्या तिथे लंडनइतक्या आणायच्या कुठून?

## कसोटी भरवणं हा तोट्याचा धंदा कसा होतो

वरवर वाटतं की कसोटी मिळाली म्हणजे काउंटीची चांदी. हिशोब बघू.

दूरदर्शनचा पैसा यजमान काउंटीला थेट मिळत नाही. काउंटीच्या हातात तिकिटं, खाणंपिणं आणि पाहुणचार. त्या बदल्यात ती ईसीबीला यजमान शुल्क देते, म्हणजे 'हा सामना माझ्याकडे द्या' म्हणून मोजायची रक्कम. शिवाय तात्पुरते स्टँड, सुरक्षा, स्वच्छता, वाहतूक, दिवे, कव्हर हा खर्च तिच्याच माथी.

पूर्वी कसोटीची सहा ठरलेली मैदानं होती: लॉर्ड्स, ओव्हल, ट्रेंट ब्रिज, एजबॅस्टन, ओल्ड ट्रॅफर्ड आणि हेडिंग्ले. २००३ मध्ये चेस्टर-ली-स्ट्रीट आलं, २००९ मध्ये कार्डिफ, २०११ मध्ये साउदॅम्प्टन. मैदानं झाली नऊ. उन्हाळ्यात कसोट्या साधारण सात, आणि त्यातल्या दोन लॉर्ड्सला ठरलेल्या. उरलेल्या पाचांसाठी आठ गिऱ्हाईकं. ती बोली लावणार, एकमेकांवर चढणार. बोली जिंकली तर शुल्क जड, हरली तर बांधलेला स्टँड रिकामा. दोन्हीकडून कर्ज वाढतंच. यात फक्त डरहॅम अडकला असंही नाही: वॉरिकशायरने बर्मिंगहॅमच्या पालिकेकडून मोठं कर्ज काढलं, हॅम्पशायरच्या मैदानाचा भाडेपट्टा ईस्टली कौन्सिलने घेतला, ग्लॅमॉर्गन आणि यॉर्कशायर धनकोंच्या मेहेरबानीवर होते.

आता डरहॅमच्या वाट्याला आलेल्या सहाही कसोट्या पाहा. जून २००३, झिंबाब्वे: तीन दिवसांत संपली. जून २००५, बांगलादेश: हीही तिसऱ्या दिवशी संपली. जून २००७, वेस्ट इंडीज: पहिला दिवस पावसात वाहून गेला. मे २००९, पुन्हा वेस्ट इंडीज: थंडी अशी की प्रेक्षक कोट-टोप्यांत. ऑगस्ट २०१३, ऑस्ट्रेलिया: स्टुअर्ट ब्रॉडने सामन्यात ११ बळी घेतले, इंग्लंडने अ‍ॅशेस मालिका खिशात घातली आणि मैदान भरलं. मे २०१६, श्रीलंका: अ‍ॅलिस्टर कुकने कसोटीतल्या १० हजार धावा इथे पूर्ण केल्या, पण बघायला माणसं कमीच होती, आणि सामना चौथ्या दिवशी आटोपला.

सहापैकी भरघोस गल्ला देणारी एकच. सामना तिसऱ्या दिवशी संपला की चौथ्या आणि पाचव्या दिवसाची विक्री शून्य; खर्च मात्र पाच दिवसांच्या तयारीचा झालेला असतो. मे महिन्यात, मुलांच्या शाळा चालू असताना, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या थंडीत दुय्यम आकर्षणाचा पाहुणा संघ देणं आणि वर त्याचे पैसे घेणं, याला ईसीबीची जबाबदारी नाही म्हणता येणार नाही.

## ३ ऑक्टोबर २०१६: नेमकं काय दिलं, काय घेतलं?

हंगाम चालू असतानाच क्लबकडे पगारापुरती रोकड उरली नव्हती. ईसीबीने एकूण ३८ लाख पौंडांचं मदतीचं पॅकेज दिलं. तेव्हाच्या दराने साधारण ३२ कोटी रुपये. डरहॅम कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक स्वराज्य संस्था, ही क्लबची मोठी धनको. तिच्या कर्जाचा मोठा भाग भागभांडवलात बदलायचा आणि क्लबचं रूपांतर 'सामुदायिक हिताची कंपनी' या स्वरूपात करायचं ठरलं. अशा कंपनीला नफा हवा तसा वाटून घेता येत नाही.

बदल्यात आलेल्या अटी: दुसऱ्या विभागात रवानगी. अजिंक्यपद स्पर्धेत ४८ गुण वजा, टी-ट्वेंटी ब्लास्टमध्ये ४, एकदिवसीय चषकात २. एप्रिल २०१७ ते २०२० पगारमर्यादा, म्हणजे खेळाडूंच्या एकूण मानधनावर ईसीबीने ठरवलेलं कमाल बंधन. कसोटीचं यजमानपद बंद. एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामने मागता येतील. संचालक मंडळाची फेररचना.

४८ म्हणजे किती? त्या वेळी विजयाला १६ गुण मिळत, अनिर्णित सामन्याला ५, आणि फलंदाजी-गोलंदाजीचे मिळून जास्तीत जास्त ८ बोनस गुण. बोनस बाजूला ठेवले तर तीन सामने जिंकल्यावर डरहॅम शून्यावर येणार. नऊ सामने अनिर्णित ठेवले तरी ४५ च. म्हणजे अजून उण्यातच. आणि हंगामात सामने होते १४. पदोन्नतीचं दार अशा रीतीने पहिल्या चेंडूआधीच लावून घेतलं गेलं. ब्लास्टमधले ४ गुण म्हणजे दोन विजय, चषकातले २ म्हणजे एक.

गंमत अशी की २०१३ मध्येही डरहॅमने गुण गमावले होते. आदल्या वर्षी पगारमर्यादा ओलांडली म्हणून अडीच गुण कापले होते, आणि त्याच वर्षी त्यांनी विजेतेपद पटकावलं. अडीच आणि अठ्ठेचाळीस. दोन्ही वेळा पैशाचीच चूक.

## पैसे दिले तर अटी घालायच्या नाहीत का?

घालायच्याच. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. एखादी काउंटी बेसुमार खर्च करून विजेतेपदं मिळवते (डरहॅमने २००८, २००९ आणि २०१३ अशी तीन मिळवली), नंतर हात वर करते आणि इतरांच्या वाट्याच्या पैशातून तिला वाचवलं जातं. मग काटकसरीने चालणाऱ्या काउंटीने काटकसर का करावी? पगारमर्यादा, फेररचना, हिशोबावर देखरेख या अटी बरोबरच होत्या. कसोटी काढून घेणं तर एका अर्थी उपकारच होता.

पण गुणकपातीने हिशोब सुधारत नाही, बिघडतो. खालच्या विभागात, उणे गुणांवर असलेल्या संघाचं सभासदत्व कोण घेणार, प्रायोजक किती देणार? वसुलीसाठी शेतकऱ्याचा बैल ओढून नेण्यातलाच प्रकार. शिवाय कर्जाच्या मदतीपायी आजवर कुठल्याच काउंटीला विभाग सोडायला लावला नव्हता. इतर काउंट्याही कर्जात होत्या. त्यांचे धनको थांबायला तयार होते, एवढाच फरक.

## मग क्लब बुडू द्यायला हवा होता का?

हंगामाच्या मध्यावर काउंटी बंद पडली तर तिचे उरलेले सामने रद्द होतात, झालेल्या सामन्यांच्या गुणांचं काय करायचं हा वाद उभा राहतो, आणि दूरदर्शन कंपनीला विकलेले सामने देता येत नाहीत. त्यामुळे ईसीबीकडेही फारसा पर्याय नव्हता. आणि डरहॅम म्हणजे इंग्लंडसाठी खेळाडूंची खाण: कॉलिंगवूड, हार्मिसन, प्लंकेट, ओनियन्स, वूड, स्टोक्स. ही खाण बंद करण्यात ईसीबीचंच नुकसान होतं.

## हॅम्पशायर वाचलं, केंट का नाही वर आलं?

या प्रकरणातला सर्वांत बोचरा भाग हाच. २०१६ मध्ये पहिल्या विभागातून दोन संघ खाली जायचे होते आणि दुसऱ्यातून एकच वर यायचा होता, कारण पुढच्या वर्षीपासून विभाग आठ आणि दहा संघांचे होणार होते. नॉटिंगहॅमशायर तळाला, हॅम्पशायर आठवं. हॅम्पशायरचं नशीब शेवटच्या फेरीत ठरलं, तेही चेस्टर-ली-स्ट्रीटला डरहॅमकडून हरून. दहा दिवसांत चित्र उलटलं: जिंकणारा खाली, हरणारा वर.

दुसऱ्या विभागात दुसऱ्या आलेल्या केंटचं म्हणणं होतं की जागा रिकामी झाली तर ती वर चढू पाहणाऱ्याला द्या. ईसीबीचं म्हणणं, एकच संघ वर येणार हे आधीच ठरलं होतं, तेव्हा खाली जाणाऱ्यांतला जो वरचा तो वाचेल. नियमाच्या भाषेत ईसीबीची बाजू लंगडी नव्हती. पण हॅम्पशायरकडे आंतरराष्ट्रीय मैदान आणि केंटकडे नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

## बाकीच्या काउंट्या गप्प का बसल्या?

तारखा बघितल्या की उत्तर सापडतं. १४ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे डरहॅमच्या शिक्षेआधी तीन आठवड्यांच्या आत, शहरांच्या संघांची नवी स्पर्धा काढायची का यावर काउंट्या आणि एमसीसीचं मतदान झालं. पुढे याच बीजातून 'हंड्रेड' उगवली. निकाल १६ विरुद्ध ३; विरोधात सरे, ससेक्स आणि केंट. आमिष होतं प्रत्येक काउंटीला वर्षाला १३ लाख पौंडांची हमी. लहान काउंटीच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे खेळाडूंच्या पगाराचा मोठा हिस्सा. ज्याच्याकडून एवढी रक्कम यायची, त्याच्याशी दुसऱ्यासाठी कोण भांडणार? एप्रिल २०१७ मध्ये घटना बदलण्याच्या मतदानात ४१ पैकी ३८ मतं बाजूने पडली.

डरहॅमला शिक्षा झाली त्याच ऑक्टोबर महिन्यात भारतातही राज्य संघटनांचे पैसे अडले होते. क्रिकेटचा कारभार सुधारण्यासाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशी मान्य करत नाही तोवर संघटनांना निधी देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. आपल्याकडे नियामक संस्थेच्याही वर न्यायालय बसलं. डरहॅमच्या वर असं कोणी नव्हतं.

## खेळाडूंचं काय झालं?

स्टोक्स आणि वूडसारख्यांचे करार इंग्लंडशी, त्यांना झळ कमी. फटका बसला तो असा करार नसलेल्या खेळाडूंच्या बाबतीत. स्टोनमन आणि बोर्थविक त्याच सुमारास सरेकडे गेले. सलामीवीर कीटन जेनिंग्स तेव्हा डरहॅमचाच होता; शिक्षेनंतर दोन महिन्यांनी त्याने वानखेडेवर कसोटी पदार्पण केलं, शून्यावर असताना उमेश यादवच्या चेंडूवर गलीत झेल सुटला, आणि त्याने ११२ धावा काढल्या. कसोटी शतकवीर झालेला हा फलंदाज पुढचा मोसम दुसऱ्या विभागात उणे गुणांच्या संघाकडून खेळला आणि मग लँकेशायरला गेला. ओनियन्सही तिकडेच. पगारमर्यादा असलेल्या क्लबला त्यांच्याशी बोली लावणं शक्य नव्हतं. २०१७ मध्ये इंग्लंडचे माजी अष्टपैलू इयन बोथम डरहॅमचे अध्यक्ष झाले. नाव मोठं, पण गुण परत आले नाहीत.

मार्च २०१८ मध्ये आणखी एक ठिणगी पडली. २०२० ते २०२४ या काळात कसोटी न मिळाल्याबद्दल कार्डिफच्या ग्लॅमॉर्गनला २५ लाख पौंड दिल्याचं बाहेर आलं, आणि या व्यवहारावरून ईसीबीचे संचालक अँडी नॅश यांनी राजीनामा दिला. एका काउंटीला कसोटी गमावल्याची भरपाई, दुसरीला कसोटी गमावून वर दंड: डरहॅमच्या लोकांनी हे विसरावं कसं?

## आता नियम बदलले आहेत का?

काही प्रमाणात. यॉर्कशायरचं प्रकरण बघा. हा तोच क्लब, ज्याने १९९२ मध्ये सचिन तेंडुलकरला आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून घेतलं. माजी खेळाडू अझीम रफीकने केलेल्या वंशद्वेषाच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल नोव्हेंबर २०२१ मध्ये ईसीबीने हेडिंग्लेचे आंतरराष्ट्रीय सामने थांबवले, पुढच्या वर्षी अटींसह परत दिले. जुलै २०२३ मध्ये शिक्षा झाली: ४ लाख पौंड दंड, त्यातले ३ लाख स्थगित, ब्लास्टमध्ये ४ गुण, आणि अजिंक्यपद स्पर्धेत पुन्हा तोच आकडा, ४८. मात्र इथे आरोपपत्र होतं, क्लबने आरोप मान्य केले होते, आणि निर्णय शिस्तपालन आयोगाने सुनावणी घेऊन दिला. डरहॅमच्या वेळी मदत देणाऱ्याच्याच पत्रकात शिक्षाही होती. २०२३ च्या अखेरीस चौकशी आणि खटला चालवण्याचं काम ईसीबीच्या कारभारापासून वेगळं काढून 'क्रिकेट रेग्युलेटर' या विभागाकडे दिलं गेलं. खर्च अजूनही ईसीबीच उचलते.

डरहॅमने २०२३ मध्ये दुसरा विभाग जिंकला आणि सात वर्षांनी वर आला. २०२५ मध्ये पुन्हा खाली गेला, पण या वेळी मैदानावर हरून. पुरुषांची कसोटी चेस्टर-ली-स्ट्रीटला २०१६ नंतर झालेली नाही.

'हंड्रेड' संघांच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा वाटा सगळ्या काउंट्यांना मिळतो, आणि तो कसा खर्चायचा यावर ईसीबीने बंधनं घातली आहेत: आधी कर्ज फेडा, राखीव निधी ठेवा, सगळा खेळाडूंच्या पगारावर उधळू नका. २०१६ च्या अनुभवानंतर हे शहाणपणाचंच. पण आता सगळ्या काउंट्या सारख्या राहिलेल्या नाहीत. सरेकडे स्वतःची कमाई आहे, हॅम्पशायरच्या मागे दिल्लीची बलाढ्य कंपनी आहे, आणि लेस्टरशायर किंवा डर्बीशायर अजूनही ईसीबीच्या धनादेशाची वाट बघतात. पुढच्या वेळी कुठल्या काउंटीचे ४८ गुण कापायची वेळ आली, तर त्या काउंटीकडे वकील किती तगडे आहेत हेही ईसीबीला आधी बघावं लागेल. २०१६ मध्ये ती चिंता नव्हती.